गाडीच्या बाजूला नक्की काय लावावं? पायरी, स्लायडर, फ्लेअर आणि बाकीचं

आडवाट

नमस्कार मंडळी. माझ्याकडे चॅसीवर (म्हणजे खालच्या वेगळ्या पोलादी सांगाड्यावर) बांधलेला, चार दारांचा फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप आहे. त्याच्या बाजूला काहीतरी लावायचंय, पण काय लावावं ते महिनाभर ठरत नाहीये. म्हणून धागा काढतोय.

गरजा दोन आहेत. पहिली आईची. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. मी मोठे टायर घातल्यापासून गाडीत चढताना तिला दाराची चौकट धरून स्वतःला ओढून घ्यावं लागतं. ती तक्रार करत नाही, पण हल्ली "तुम्ही जाऊन या, मी थांबते घरी" असं म्हणायला लागली आहे, आणि ते मला लागतं. दुसरी गरज माझी. महिन्यातून एक-दोनदा दगडधोंड्यांच्या वाटेला जातो. मागच्या फेरीत मागच्या दाराखालचा पत्रा दगडावर टेकला आणि तळहाताएवढा आत गेला. दार लागतं अजून, पण लावताना पत्र्याला पत्रा घासल्याचा आवाज येतो.

मोजमापं देतो. जमिनीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंत ५६० मिमी. सिलची, म्हणजे दाराखालच्या पट्टीची, खालची कड ४४० मिमी. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, ३२०० मिमी.

दुकानात नळीच्या पायऱ्या, रुंद फळीसारखे बोर्ड, विजेवर खाली येणाऱ्या पायऱ्या आणि रॉक स्लायडर (दगडापासून सिल वाचवणारी जाड नळी) असं सगळं दाखवलं. प्रत्येकाबद्दल "हे सगळं करतं" असंच सांगितलं. अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

लोखंडी हात

सगळं करणारी वस्तू नसते, आडवाट. मी वीस वर्षं फॅब्रिकेशन करतोय. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारतो: या नळीवर माणूस उभा राहणार आहे की गाडी?

माणूस उभा राहणार असेल तर हिशोब सोपा आहे. ९० किलोचा माणूस चॅसीपासून २०० मिमी बाहेर उभा राहिला, की मुळाशी साधारण १७५ न्यूटन-मीटरचा पीळ येतो. तीन साध्या ब्रॅकेटांवर तो सहज पेलतो. आता तीच नळी दगडावर टेकली आणि गाडीचं हजारएक किलो वजन तिच्यावर आलं, तर पीळ होतो १९५० च्या वर. अकरापट. आणि हे गाडी शांतपणे टेकली तर. वितभर उंचीवरून आदळली तर याच्या कितीतरी पट.

म्हणून पायरी आणि स्लायडर दिसायला सख्ख्या बहिणी वाटल्या तरी आतून वेगळ्या असतात. पायरीची नळी बहुधा दीड-दोन मिमी जाडीची असते, ब्रॅकेट पत्रा वाकवून केलेलं असतं आणि ते बॉडीच्या तयार भोकांत बसतं. त्यात चूक काही नाही, ती त्याच कामासाठी केलेली असते. पण दगडावर टेकली की ती स्वतः वाकते आणि जाताना सिलही आत घेऊन जाते. पायरी नसती तर पत्र्याला एक पोचा आला असता. पायरीमुळे तीन ब्रॅकेटांच्या जागी तीन पोचे येतात.

स्लायडर चॅसीला धरतो. एका बाजूला तीन किंवा चार पाय, प्रत्येकाच्या मुळाशी पाच-सहा मिमीची प्लेट, नळी तीन मिमीच्या वर. दुकानात लोक चकाकी बघतात. तुम्ही वाकून मागच्या बाजूला बघा, ती कशाला बांधली आहे ते.

सावली

आईंचं वाचून लिहावंसं वाटलं. माझी उंची कमी आहे आणि मी पाच वर्षं विजेवर चालणारी पायरी वापरतेय. दार उघडलं की खाली येते, लावलं की सिलखाली जाते. साडी नेसून, हातात सामान घेऊन चढता येतं. स्थिर पायरीवर पाऊल पडायचं ते अर्धंच, कारण ती सिलच्या फार जवळ असते. ही खाली येताना थोडी बाहेरही येते, त्यामुळे अख्खं पाऊल बसतं. गुडघ्याच्या माणसाला हा फरक फार मोठा आहे, टाच टेकली की भीती जाते.

कोरड्या रस्त्यावरची गाडी असेल तर मी डोळे मिटून हीच घ्या म्हणेन. चिखलात मात्र निगा राखावी लागते. बिजागऱ्यांत चिखल वाळला की मोटरला अडथळा लागतो आणि पायरी अर्ध्यातून परत जाते. दर दोन आठवड्यांनी पाण्याच्या झोताने धुवायची, वाळू द्यायची, मग सुका सिलिकॉन स्प्रे मारायचा. ग्रीस अजिबात नको. पहिल्या वर्षी मी ग्रीस भरलं होतं, त्यात वाळू चिकटून पिना घासल्या गेल्या.

दगडवाट

सावलीताई, निगेबद्दल शंभर टक्के सहमत. पण आडवाटच्या वाटेवर मी ही पायरी लावणार नाही. वाटेत उतरून पुढचं बघायला दार उघडतो आपण, नेमकी तेव्हाच बाजूला दगड असतो आणि पायरी त्याच्यावर येऊन बसते. लावलीच तर बंद करायचं बटण हाताशी हवं आणि वाट सुरू होण्याआधी ते आठवणीने दाबायला हवं.

आता उंचीबद्दल. गाडीच्या पोटाखाली उंचवटा आला की ती किती कोनापर्यंत न टेकता ओलांडेल, याचा अंदाज घरी काढता येतो. मधल्या भागाची जमिनीपासूनची उंची व्हीलबेसच्या निम्म्याने भागायची, येणाऱ्या गुणोत्तराचा कोन काढायचा आणि दुप्पट करायचा. तुमच्या सिलला, ४४० भागिले १६००, साधारण ३१ अंश येतात. लोंबती पायरी लावून तिची खालची कड ३०० वर आली तर २१ अंश. दहा अंश गेले. मधोमध गिअरबॉक्स सिलपेक्षा खाली असतोच, हे खरं. पण मधला दगड आपण चाक त्याच्यावर घेऊन चुकवतो. बाजूचा दगड चाकाच्या मागून येतो आणि तो चालकाला दिसत नाही.

स्लायडरनेही थोडी उंची जातेच. ६० मिमीची नळी सिलला लगटून बसवली तर खालची कड ३६५ च्या आसपास येईल, म्हणजे २६ अंश. पण हे पाच अंश देऊन तुम्हाला टेकायला जागा मिळते. मी तर कित्येकदा मुद्दाम टेकवून गाडी सरकवतो. म्हणून त्याला स्लायडर म्हणतात.

अजून दोन गोष्टी. नळी बाहेरच्या बाजूला दहा ते वीस अंश वर चढती असेल तर दगड आणि झाडाचं खोड दारापासून लांब राहतं. पूर्ण आडवी असेल तर पाय ठेवायला बरी. दोन्ही एकदम मिळत नाही. आणि मागच्या चाकाजवळ नळीला बाहेर फुगवटा असतो, तो शोभेचा नाही. खुंटाभोवती गाडी वळवताना मागचा पत्रा खुंटावर न घासता फुगवटा घासतो आणि गाडीचं ढुंगण बाहेर ढकललं जातं.

चारचाकी

वाचतोय. माझी गाडी मोनोकॉक आहे, चॅसी वेगळी नाही. मला स्लायडर लावता येईल का? एकाने दाराखालच्या पत्र्याच्या शिवणीला चार क्लॅम्प लावून देतो म्हटलं.

लोखंडी हात

चारचाकी, नुसत्या शिवणीवर नको. ती शिवण म्हणजे दोन-तीन पत्र्यांच्या कडा एकत्र स्पॉट-वेल्ड केलेल्या असतात. जॅकच्या जागी ती मुद्दाम मजबूत केलेली असते, इतरत्र नाही. मोनोकॉकसाठी बनवलेले चांगले स्लायडर शिवण, जमिनीचा पत्रा आणि आतल्या आडव्या तुळया अशा तीन ठिकाणी भार वाटून देतात, मध्ये लांबलचक प्लेट असते. तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेला मिळाला तर घ्या. नसेल तर पोटाखाली संरक्षक प्लेट लावा आणि दगडांच्या वाटा सोडा. सिल हा तुमच्या गाडीचा कणा आहे. तो वाकला की दारं बसत नाहीत, आणि बाजूने धडक बसल्यावर वाचवणारा भागही तोच असतो.

आडवाट, तुमच्यासाठी बांधणीचं सांगतो. बोल्टने लावायचा की वेल्ड करायचा, यावर लोक तासन्‌तास भांडतात. मी बोल्टच्या बाजूचा आहे. वाकला तर काढता येतो, मागे गंज लागला तर दिसतो, आणि चॅसीचा गुण बिघडत नाही. बऱ्याच गाड्यांच्या, विशेषतः मोठ्या ट्रकांच्या, चॅसीचं पोलाद उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने तेवढा पट्टा मऊ पडतो आणि चीर तिथूनच सुरू होते.

भोकं पाडायची वेळ आली तर चॅसीच्या उभ्या भिंतीत, उंचीच्या मध्याजवळ पाडायची. वरच्या-खालच्या आडव्या कडांना हात लावायचा नाही, सगळा ताण त्या कडांवरच असतो. पण आधी तयार भोकं आणि यू-बोल्ट यांनी भागतंय का ते बघा, बहुतेकदा भागतं. ड्रिल हातात घेण्याआधी आतल्या बाजूला बोट फिरवून ब्रेकची नळी, इंधनाची नळी आणि वायरिंग कुठून जातं ते चाचपा. माझ्याकडे एक गाडी आली होती, आधीच्या कारागिराने ब्रॅकेटखाली वायरिंग चेमटून ठेवलं होतं. आठ महिने मालक मागचे दिवे का जातात ते शोधत होता.

बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचा. ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कलला तुटणारा आणि त्याच्या ऐंशी टक्क्यांवर, ६४० ला, कायमचा ताणला जाणारा. १०.९ त्याहून वरचा. आकडा नसलेला बोल्ट स्लायडरला लावू नका.

दहाचाकी

इथे बहुतेक पिकअपवाले दिसतात. मी मोठा ट्रक चालवतो, त्यामुळे माझ्याकडून वेगळं सांगतो.

आमच्याकडे बाजूला काय लावायचं हा हौसेचा प्रश्न नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधली जागा मोकळी राहिली की सायकलवाला, पायी चालणारा तिथून आत जातो. वळताना मागची चाकं आतून कापत येतात आणि तो चाकाखाली सापडतो. मी हे एकदा डोळ्यांनी बघितलंय. माझा ट्रक नव्हता, पुढचा होता. त्या दिवसापासून साइड गार्डबद्दल कुणी "वजन वाढतं, काढून टाकूया" म्हटलं की मी ऐकत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांमध्ये यासाठी क्रमांक ७३ चा नियम आहे. खालची कड जमिनीपासून ५५० मिमीपेक्षा वर नको. आडव्या पट्ट्यांमधली फट ३०० मिमीपेक्षा जास्त नको. आणि एक किलोन्यूटनने दाबलं तर मागच्या टोकाच्या २५० मिमीत ३० मिमीपेक्षा जास्त आणि बाकी ठिकाणी १५० पेक्षा जास्त आत जाता कामा नये. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचा भार. पट्टी हाताने ढकलून हलत असेल तर ती गार्ड नाही, शोभा आहे. टूलबॉक्स, डिझेल टाकी, बॅटरीचा खोका हे मापात बसत असतील तर तेही गार्डचा भाग धरता येतात. त्यामुळे खोका लावताना तो गार्डच्या रेषेत लावा, मागे-पुढे नको.

सहा मीटरपेक्षा लांब गाडीला बाजूचे पिवळसर मार्कर दिवे लागतात, क्रमांक ४८ च्या नियमात ते आहे. गार्ड किंवा खोका लावताना हे दिवे झाकले गेलेले मी फार वेळा बघतो. रात्री आडवा ट्रक दिसत नाही, तो असा.

आडवाट, तुमच्या आईसाठी एक सांगतो. आम्हाला केबिनमध्ये चढायला शिकवतात ते असं: तोंड गाडीकडे आणि दोन हात-दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले. पायरी कितीही चांगली असली तरी हाताला धरायला काही नसेल तर माणूस चढत नाही. पायरीआधी आईंचा हात कुठे जातो ते बघा.

सावली

दहाचाकीकाका, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. माझ्या गाडीत खांबाला आतून दांडा होता म्हणून मला ते कधी जाणवलंच नाही.

तांबेरा

रंग आणि गंज हा माझा कामाचा विषय, म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो.

काळी पावडर कोटिंग छान दिसते. पण दगडाने एक टवका उडाला की पाणी आत शिरतं आणि कोटिंगच्या खालून गंज पसरतो. वरून काही दिसत नाही. एक दिवस नखाने उचकटलं की पापुद्रा निघतो आणि खाली तांबडी भुकटी. त्यामुळे पावडरच्या खाली काय आहे ते विचारा. खाली झिंकचा थर असेल तर टवका उडाल्यावरही झिंक आधी झिजतं आणि लोखंड वाचतं.

नळी गरम झिंकमध्ये बुडवून घ्यायची असेल तर तिला दोन्ही टोकांना हवा जायला भोकं हवीतच. झिंक साधारण ४५० अंश सेल्सिअसला असतं. बंद नळीत अडकलेली हवा आणि ओल फुगून नळी फुटते, माणसं भाजतात. तीच भोकं नंतर पाणी निघून जायला उपयोगी पडतात. टोपण लावून दोन्ही टोकं बंद केलेली नळी आतून कुजते. सगळ्यात खालच्या जागी एक भोक ठेवा.

स्टेनलेस घेणार असाल तर ३०४ आणि ३१६ यांतला फरक लक्षात घ्या. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मीठ असलेल्या हवेत आणि मीठ टाकलेल्या रस्त्यांवर ते टिकतं. ३०४ वर तिथे तपकिरी ठिपके येतात.

लोखंडी हात

तांबेरा, स्टेनलेसवर माझा थोडा विरोध आहे. स्लायडरसाठी नको. घासून झालेल्या चरा कायम दिसत राहतात, आणि बाजारातल्या बहुतेक स्टेनलेस नळ्या पातळ असतात. साधं पोलाद घ्या, दर वर्षी काळा रंग मारा. दगडावर घासायची वस्तू आहे ती.

तांबेरा

स्लायडरबद्दल मान्य. मी पायरीच्या बाबतीत बोलत होतो.

ॲल्युमिनियमचं राहिलं. पोलादाच्या मानाने वजन साधारण एक तृतीयांश, आणि ताठपणाही एक तृतीयांशच. म्हणून तीच मजबुती हवी तर सेक्शन (छेदाचा आकार) मोठा लागतो. पायरीच्या फळीला ते उत्तम आहे. मात्र ॲल्युमिनियमची फळी आणि पोलादी ब्रॅकेट थेट एकमेकांना टेकवू नका. मध्ये ओल आली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, बोल्टभोवती पांढरी पूड दिसायला लागते. नायलॉनचे वॉशर आणि मध्ये रबराची पट्टी, एवढ्याने काम होतं.

आडवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी दहाचाकीकाकांचं वाचून आईलाच अंगणात बोलावलं.

लाकडाच्या फळ्या एकावर एक ठेवून पायरी केली आणि तिला चढायला सांगितलं. ३५० ला तिने नुसती मान हलवली. ३०० ला चढली, पण दात आवळून. २६० ला चढली, "जमेल" म्हणाली, पण मी तिचा चेहरा ओळखतो. २३० ला ती न बोलता चढली आणि आत बसून पट्टा लावायला लागली. म्हणजे २३० हा तिचा आकडा.

आणि हात. तिचा उजवा हात प्रत्येक वेळी दाराच्या आतल्या कप्प्यावर गेला. दार हलतं, म्हणून ती घाबरते. खांबाला दांडा असायला हवा हे त्या क्षणी दिसलं.

आता पेच असा. स्लायडरची वरची बाजू ४२५ ला येईल. म्हणजे तिच्यासाठी तो पायरी म्हणून कामाचाच नाही. आणि २३० वर कायमची पायरी लावली तर दगडवाट म्हणतात तसा कोन जातो.

दगडवाट

मग दोन्ही एका जागी शोधूच नका. स्लायडर लावा गाडीसाठी. आणि ज्या दारातून आई चढतात, त्याच दाराखाली स्लायडरला एक लोंबती पायरी लावा, पिनेवर निघणारी. ४२५ च्या खाली २३० ला तिची फळी आली तर पावलं होतील २३०, मग १९५, मग उंबऱ्यापर्यंत १३५. वाटेला निघताना पिन ओढायची आणि पायरी मागे सामानात टाकायची.

लोखंडी हात

उत्तम तोड आहे. करताना तीन गोष्टी सांभाळा. पायरी स्लायडरपेक्षा थोडी बाहेर आली पाहिजे, नाहीतर वरच्या नळीला नडगी आपटते. फळी जाळीची किंवा भोकांची, दातेरी कडांची करा, म्हणजे चिखल खाली पडतो. आणि पिनेला खेळ नको. आईंच्या पायाखाली फळी दोन मिमी जरी हलली तरी त्या परत तिच्यावर उभ्या राहणार नाहीत.

स्लायडर घेताना पायांना वरच्या अंगाला सिलपासून फट ठेवायला सांगा. चॅसी आणि बॉडीच्या मध्ये रबर असतं. आडवातिडवा रस्ता आला की चॅसी पिळते, बॉडी वेगळी हलते. स्लायडर चॅसीबरोबर हलतो. फट नसेल तर तुमचाच स्लायडर तुमचा पत्रा चेपतो.

चारचाकी

धाग्याचं नाव "आणि बाकीचं" असं आहे म्हणून विचारतो, फ्लेअर (चाकाच्या कमानीला बाहेरून लावायची रुंद कड) आणि मडफ्लॅप (चाकामागचा रबरी पडदा) यांचं काय? मोठे टायर बाहेर आलेत, स्वतःच्याच दारावर खडी उडते.

दगडवाट

टायर बॉडीच्या रेषेबाहेर आला की फ्लेअर हवाच. बऱ्याच देशांत तो नियमही आहे. रुंदी ठरवताना स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि एक चाक उंचावर चढवून बघा, सरळ उभ्या गाडीवर मोजू नका. पत्र्याला भोकं पाडावी लागली तर प्रत्येक भोकाच्या उघड्या कडेला झिंक प्रायमर लावून मगच स्क्रू. आणि फ्लेअरच्या कडेचं रबर वर्षातून एकदा काढून मागचा चिखल धुवा. फ्लेअरच्या आड साचलेला ओला चिखल हे चाकाच्या कमानीला गंज लागण्याचं सगळ्यात मोठं कारण मी बघितलंय.

मडफ्लॅप लांब ठेवलात तर खडी थांबते, पण दगडावरून रिव्हर्स घेताना टायर त्याला खाली ओढून फाडतो. साखळीने वर अडकवता येणारा घ्या.

स्नॉर्केलबद्दल (इंजिनची हवा उंचावरून घेणारा पाइप) एकच. नुसता बाहेरचा पाइप लावून उपयोग नाही, एअर फिल्टरच्या डब्यापर्यंतचा प्रत्येक सांधा हवाबंद हवा, आणि डिफरन्शियलच्या (ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याच्या) व्हेंटच्या, म्हणजे हवा ये-जा करायच्या, नळ्याही वर न्यायला हव्यात. नाहीतर इंजिन वाचतं आणि ॲक्सलमध्ये पाणी जातं. गरम ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि व्हेंटमधून पाणी ओढून घेते.

बाजूला ऑनिंग (उघडून सावली करायचं कापडी छत) लावणाऱ्यांनी टपाच्या दांड्यांची चालत्या गाडीतली भारमर्यादा बघावी, उभ्या गाडीतली नाही. कंपनीच्या पुस्तकात दोन्ही वेगळ्या असतात.

आडवाट

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय.

स्लायडर बसवले. एका बाजूला चार पाय, ६०.३ मिमीची नळी, ३.६ मिमी जाडी. मीटरला पाच किलो पडतं. पाय, प्लेटा धरून दोन्ही बाजूंचे मिळून ५८ किलो झाले. म्हणजे एक माणूस कायमचा गाडीत बसला असं धरून मी मागच्या सामानातलं वजन कमी केलं.

फटीचं मी असं तपासलं. मुलांच्या खेळातली माती घेतली, लिंबाएवढे गोळे केले आणि स्लायडर आणि सिलच्या मध्ये चार ठिकाणी दाबून बसवले. मग एक पुढचं चाक ओंडक्यावर आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक दुसऱ्या ओंडक्यावर चढवलं. खाली उतरवल्यावर गोळे काढून बघितले. तीन गोळे जाड होते. मागच्या डाव्या बाजूचा गोळा चपाती लाटावी तसा झाला होता, मोजला तर तीन मिमी. फट १५ ची ठेवली होती. म्हणजे बारा मिमी हलतं तिथे! लोखंडी हात, तुमचं ऐकलं नसतं तर पहिल्याच फेरीत दार चेपलं असतं. त्या पायाखाली पातळ प्लेट घालून फट २२ केली.

लोंबती पायरी आणि खांबाचा दांडाही लावला. दांड्याला गाडीच्या मूळ भोकांतच बोल्ट मिळाले. लावण्याआधी तिथे पडद्यासारखी एअरबॅग कुठून उघडते ते पुस्तकात बघितलं, तिच्या वाटेत दांडा येत नाही.

दहाचाकी

आई काय म्हणाल्या ते लिहा की.

आडवाट

काका, ती काही म्हणाली नाही. रविवारी आम्ही निघालो तर ती आधीच जाऊन बसली होती.

चारचाकी

छान वाटलं वाचून. एक प्रश्न, स्लायडरला फार्म जॅक (दांड्यावर चढत जाणारा उंच जॅक) लावून गाडी उचलता येते ना?

लोखंडी हात

येते, पण नुसत्या गोल नळीवर नको. जॅकचा ओठ गोलाईवरून घसरतो. नळीला खाच किंवा पाळणा असलेला अडॅप्टर वापरा, पायाच्या जवळ लावा, दोन पायांच्या मधोमध नाही. आणि जॅकवरच्या गाडीखाली अंग घालायचं नाही, आधी खाली ओंडका सारायचा. स्लायडर लावल्यावर गाडीबरोबर आलेला मूळ जॅक त्याच्या जागी पोचतो का तेही घरीच बघून ठेवा. पंक्चर झाल्यावर वाटेत कळू नये.

आडवाट, हजार किलोमीटरच्या आत सगळे बोल्ट टॉर्क पान्याने परत तपासा. नवीन रंग दबतो, प्लेट बसते आणि ताण कमी होतो.

आडवाट

७०० किलोमीटरला तपासले. सोळापैकी चौदा जागचे हलले नाहीत. मागच्या डाव्या पायाचे, जिथे जास्तीची प्लेट घातली होती, ते दोन पाव-पाव फेरा फिरले. आता सगळ्या बोल्टांवर पिवळ्या रंगाची रेघ ओढून ठेवली आहे, नट आणि प्लेट दोन्हींवरून जाणारी. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला. पुढच्या फेरीहून आलो की परत बघतो.